काचेचा कारागीर फ्राउनहोफर

आश्विन-कार्तिकात पाऊस सरतो, आकाश निवळते आणि रात्री नवाच्या सुमारास माथ्यावर चार ठळक ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसू लागतो. त्यातील पश्चिमेकडील दोन तारे पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे आणि पूर्वेकडील दोन उत्तराभाद्रपदा नक्षत्राचे. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणारी एक रेषा मनाशी काढली, तर तिच्या मध्याजवळ, किंचित पश्चिमेस, एक फार अंधुक तारा आहे. आकाशात चंद्र नसेल आणि गावातील दिव्यांचा उजेड दूर असेल, तरच तो तीक्ष्ण नजरेला कसाबसा दिसतो. ज्योतिषशास्त्रज्ञांच्या यादीत त्याचे नाव ५१ पेगासी असे आहे. त्याच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ५० वर्षे लागतात. ताऱ्यांच्या अफाट जगात हे अंतर थोडकेच होय. हा तारा आपला शेजारीच म्हणावयाचा.

या शेजाऱ्याविषयी माणसाला दोन गोष्टी कळल्या आहेत. त्याच्यात सूर्यापेक्षा धातूंचा अंश अधिक आहे. एकट्या लोखंडाचेच प्रमाण सूर्याच्या सुमारे दीडपट आहे. आणि त्याच्याभोवती एक प्रचंड ग्रह अवघ्या सव्वाचार दिवसांत एक फेरी पुरी करतो. तेथे कोणी गेलेले नाही आणि तेथून कोणी काही आणलेले नाही. हा ग्रह सापडला तोही दुर्बिणीतून डोळ्यांना दिसला म्हणून नव्हे. मग हे ज्ञान झाले तरी कसे? ते ताऱ्याचा प्रकाश वाचून झाले. प्रकाश वाचण्याच्या या विद्येचा पाया ज्याने घातला, त्याला शाळेचे शिक्षण धड लाभले नव्हते. तो काचकाम करणाऱ्या एका गरीब कारागिराचा मुलगा होता. त्याचे नाव योझेफ फ्राउनहोफर.

जर्मनीच्या दक्षिण भागात बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. तेथील श्ट्राउबिंग या गावी ६ मार्च १७८७ रोजी योझेफचा जन्म झाला. आईबापांचे हे अकरावे अपत्य. वडील खिडक्यांना काचा बसवण्याचा व काच घासण्याचा धंदा करीत. घरात खाणारी तोंडे अनेक आणि मिळकत बेताची. त्यामुळे योझेफ लहानपणापासूनच वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. शाळेत त्याचे जाणे फारसे झालेच नाही. तो दहा वर्षांचा असताना आई वारली आणि दुसऱ्याच वर्षी वडीलही गेले. अकराव्या वर्षी योझेफ पोरका झाला.

पालकांनी त्याला प्रथम एका लाकूडकातारीकडे ठेवले. परंतु तो इतका अशक्त होता, की ते अंगमेहनतीचे काम त्याला झेपेना. तेव्हा १७९९ साली त्याला म्यूनिक शहरी वाइखसेलबेर्गर नावाच्या आरसे बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीवर पाठवण्यात आले. सहा वर्षे बिनपगारी काम करावयाचे आणि त्याबदल्यात मालकाने अन्न, निवारा व धंद्याचे शिक्षण द्यावयाचे, असा तो करार होता. दिवसभर आरसे घासावेत, काचेवर नक्षी कोरावी आणि घरची हलकीसलकी कामेही करावीत, असा योझेफचा दिनक्रम सुरू झाला. त्या काळी कामकरी मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी भरणारी एक शाळा म्यूनिकमध्ये होती. योझेफला तेथे जाण्याची फार ओढ होती. पण उमेदवाराने पुस्तके हाती घ्यावीत, हे मालकाला मुळीच रुचत नसे. त्याच्या निजण्याच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती आणि रात्री दिवा लावण्यास मनाई होती, असे सांगतात. अक्षरांची भूक असलेल्या मुलाच्या वाट्याला अंधार आला होता.

तारीख २१ जुलै १८०१. योझेफ तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्या दिवशी मालकाचे जुनाट घर एकाएकी कोसळले. मालकाची पत्नी त्यात दगावली. योझेफ ढिगाऱ्याखाली गाडला गेला. परंतु एक आडवी तुळई त्याच्यावर अशी काही पडली, की तिच्या आधाराने थोडी पोकळी राहिली आणि तो तेवढ्यातच जीव धरून पडला. आतून त्याचा आवाज येत होता. लोक धावले. मोठ्या काळजीने एकेक लाकूड, एकेक वीट दूर करण्यात आली. कारण घाईने काही ओढावे, तर उरलेले सारेच खाली येण्याचे भय होते. बव्हेरियाचा अधिपती माक्सिमिलियन, जो पुढे राजा झाला, स्वतः त्या ठिकाणी आला आणि कामकऱ्यांना धीर देऊ लागला. सुमारे चार तासांनी योझेफला जिवंत बाहेर काढण्यात आले.

माक्सिमिलियनने त्याला पुढे आपल्या वाड्यावर बोलावून घेतले, त्याची विचारपूस केली आणि अठरा सोन्याची नाणी त्याच्या हाती ठेवली. पोरक्या मुलाला ते एक घबाडच होते. चांगलेचुंगले खावे, नवे कपडे करावेत, असे त्याला वाटले असते तर त्यात नवल नव्हते. योझेफने त्या पैशांतून काच कापण्याचे एक यंत्र विकत घेतले. काही रक्कम मालकाला देऊन त्याने उमेदवारीचे अखेरचे सहा महिने माफ करून घेतले. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या यंत्रावर भिंगे घासण्याचे प्रयोग करू लागला.

त्या अपघाताच्या दिवशी आणखी एक गृहस्थ तेथे आले होते. त्यांचे नाव योझेफ उट्सश्नायडर. ते राजकारणी होते आणि उद्योगधंद्यांतही त्यांचे मन रमे. ढिगाऱ्यातून वाचलेल्या या मुलाची जिज्ञासा त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी त्याला गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली. वाचनातील अडचणी अनेक होत्या. पायाभूत शिक्षण नसल्यामुळे प्रत्येक पान त्याला झगडून वाचावे लागे. पण भिंग घासताना हाताला जे जाणवे, त्याचे कारण पुस्तकात सापडे. आणि पुस्तकात जे वाचावे, ते यंत्रावर पडताळून पाहता येई. अशा रीतीने त्याचे हात आणि त्याची बुद्धी ही एकमेकांची शिक्षक झाली.

उमेदवारी संपल्यावर स्वतंत्र धंदा करावा म्हणून त्याने नावांची पत्रे छापण्यासाठी धातूच्या पट्ट्या कोरण्याचे काम आरंभिले. परंतु ते युद्धाचे दिवस होते. अशा चैनीच्या वस्तूंना गिऱ्हाईक कोठून मिळणार? धंदा बुडाला आणि योझेफ पुन्हा आरसे घासू लागला. अखेरीस १८०६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, उट्सश्नायडर आणि त्यांचे भागीदार यांच्या उपकरणांच्या कारखान्यात त्याला काम मिळाले.

त्या काळी नेपोलियनच्या लढायांमुळे युरोपभर जमिनीची मोजणी करून अचूक नकाशे तयार करण्याची निकड भासत होती. मोजणीसाठी उत्तम दुर्बिणी हव्या होत्या आणि उत्तम दुर्बिणींसाठी उत्तम काच हवी होती. अशी काच आजवर इंग्लंडातून येत असे. युद्धामुळे ती वाट बंद झाली. म्हणून उट्सश्नायडरांनी बेनेडिक्टबॉयर्न येथील एका रिकाम्या झालेल्या ख्रिस्ती मठात काचेच्या भट्ट्या उभारल्या. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या शांत जागी १८०७ साली फ्राउनहोफर राहावयास गेला. तो इतक्या झटून काम करी, की १८०९ साली, बाविसाव्या वर्षीच, तो त्या संस्थेत भागीदार झाला.

तेथील मुख्य अडचण काचेचीच होती. दुर्बिणीत साधे एकच भिंग घातले, तर पाहिलेल्या वस्तूच्या कडेला तांबड्या-निळ्या रंगांची झालर दिसते. कारण भिंगातून जाताना प्रकाशातील निरनिराळे रंग निरनिराळ्या प्रमाणात वाकतात. दोन वेगवेगळ्या जातींच्या काचांची भिंगे जोडली, की एकाचा दोष दुसरे काढून टाकते आणि झालर नाहीशी होते. त्यांपैकी एका काचेत शिसे मिसळावे लागे. शिसे जड, वितळलेल्या रसात ते तळाशी बसे आणि काच वर पातळ व खाली दाट होई. मग तिच्यात पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशा रेघा उमटत. बशीएवढे निर्दोष भिंग हाती लागणेही तेव्हा दुर्मिळ होते.

गिनाँ नावाच्या एका स्विस कारागिराने यावर एक उपाय शोधला होता. आगीत टिकणाऱ्या मातीचा दांडा करून त्याने तो वितळलेला रस सतत घोळत राहावयाचा, म्हणजे शिसे सर्वत्र सारखे पसरते. गिनाँ हा वयाने वडील आणि आपली विद्या जपणारा. फ्राउनहोफर त्याच्याबरोबर भट्टीवर उभा राहिला, त्याची रीत शिकला आणि मग तिच्यात स्वतः सुधारणा करू लागला. रस किती तापवावा, किती वेळ घोळावा, किती सावकाश निवू द्यावा, याचे त्याने कित्येक प्रयोग केले. एकदा भरलेली भट्टी फसली, तर सारा माल व सारे श्रम फुकट जात. तरीही ज्या काचेत दोष दिसे, ती तो बाजूस टाकी आणि पुन्हा आरंभ करी. थोडे चालवून घ्यावे, हा विचार त्याला ठाऊकच नव्हता.

काच चांगली झाली, एवढ्याने भागत नव्हते. कोणता रंग तिच्यातून जाताना नेमका किती वाकतो, हे मोजावयास हवे होते. त्यावाचून दोन भिंगांची जोडी बिनचूक जमणार नव्हती. येथे एक नवीच अडचण उभी राहिली. सूर्यप्रकाश त्रिकोणी लोलकातून जाऊ दिला, की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पसरतो. यालाच वर्णपट म्हणतात. पण या पट्ट्यात एक रंग दुसऱ्यात नकळत मिसळत जातो. पिवळा कोठे संपला आणि हिरवा कोठे लागला, हे कोण सांगणार? मोजावयाचे तर खूण हवी आणि इंद्रधनुष्यावर खूण कोठून आणावी?

दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहताना फ्राउनहोफरला वर्णपटाच्या नारिंगी-पिवळ्या भागात एक तेजस्वी रेषा नेहमी एकाच जागी आढळली. तशीच रेषा सूर्यप्रकाशात असली, तर मोजमापाला एक पक्की खूण मिळेल, असे त्याला वाटले. १८१४ च्या सुमारास त्याने एक खोली पूर्ण अंधारी केली, खिडकीच्या झडपेला एक अगदी अरुंद उभी फट ठेवली आणि तीतून येणाऱ्या किरणांच्या वाटेत, दूर अंतरावर, आपल्या उत्तम काचेचा लोलक ठेवला. लोलकामागे कोन मोजण्याच्या यंत्राची छोटी दुर्बीण होती. तिला त्याने डोळा लावला.

तेजस्वी रेषा तेथे नव्हती. त्याऐवजी त्या रंगीबेरंगी पट्ट्यावर असंख्य काळ्या उभ्या रेषा ओढलेल्या होत्या. काही जाड, काही केसाहून बारीक. काही एकट्या, काही दाटीने उभ्या.

दुसरा एखादा असता, तर आपल्या काचेतच काही दोष राहिला असे समजून हळहळला असता. बारा वर्षांपूर्वी वॉलस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला अशा चारदोन रेषा दिसल्या होत्या. त्या रंगांच्या सीमा असाव्यात, असे मानून त्याने तो विषय सोडून दिला होता. फ्राउनहोफरने आधी स्वतःचीच परीक्षा घेतली. त्याने लोलक बदलून पाहिला, काचेची जात बदलून पाहिली, फट लहानमोठी करून पाहिली. फट रुंद केली, की रेषा पुसट होऊन जात. पण अरुंद फटीतून पाहावे तो त्या पुन्हा आपापल्या जागी हजर. तेव्हा त्याची खात्री पटली, की हा दोष काचेचा नव्हे आणि डोळ्यांचाही नव्हे. या रेषा सूर्याच्या प्रकाशातच आहेत.

मग त्याने त्या मोजावयास आरंभ केला. पाचशेंहून अधिक रेषा त्याने मोजल्या, त्यांचा सुंदर नकाशा काढला आणि ठळक रेषांना रोमन लिपीतील अक्षरांची नावे दिली. तांबड्या टोकाची रेषा ए, पिवळ्यातील जोडरेषा डी, जांभळ्या टोकाजवळची एच्, असे ते क्रम होते. आजही शास्त्रज्ञ त्यांतील अनेक रेषांना त्याच नावांनी ओळखतात. हव्या होत्या त्या खुणा आता मिळाल्या. प्रत्येक काच प्रत्येक रंगाला किती वाकवते, हे तो पूर्वी कधी कोणाला जमले नव्हते इतक्या बारकाईने मोजू लागला.

भिंगे करण्यापुरते एवढे पुरे होते. परंतु त्याची जिज्ञासा तेवढ्यावर थांबली नाही. त्याने शुक्राचा प्रकाश पाहिला. त्यात सूर्याच्याच रेषा होत्या. शुक्र सूर्याच्या प्रकाशाने प्रकाशतो, हे त्या रेषांनीही सांगितले. नंतर त्याने व्याधाकडे दुर्बीण वळवली. व्याधाच्या वर्णपटात तीन रुंद काळे पट्टे दिसले आणि त्यांचा सूर्याच्या रेषांशी काही मेळ बसेना. पुढील वर्षांत त्याने पुनर्वसूचे दोन तारे, ब्रह्महृदय, मृगातील काक्षी यांचाही प्रकाश तपासला. कोणाच्या रेषा सूर्यासारख्या, कोणाच्या व्याधासारख्या, तर कोणाच्या निराळ्याच. आकाशातील सारे ठिपके वरवर सारखेच दिसतात. पण प्रत्येकाची ओळख त्याच्या प्रकाशातच लिहिलेली आहे, हे माणसाला प्रथमच समजले.

ती लिपी कोणती, हे मात्र फ्राउनहोफरला उलगडले नाही. दिव्यातील तेजस्वी पिवळी रेषा आणि सूर्यप्रकाशातील काळी डी रेषा बरोबर एकाच जागी येतात, हेही त्याने टिपून ठेवले. त्याचे कारण त्याला सांगता आले नाही. ठाऊक नसलेल्या गोष्टीवर त्याने तर्काचे इमले रचले नाहीत. जे दिसले ते जसेच्या तसे, बिनचूक मोजून, त्याने १८१७ साली प्रसिद्ध केले आणि अर्थ लावण्याचे काम पुढच्यांवर सोपवले.

पुढे लोलकाऐवजी त्याने अगदी जवळजवळ ताणलेल्या बारीक तारांची एक जाळी तयार केली आणि नंतर हिऱ्याच्या टोकाने काचेवर अतिशय सूक्ष्म समांतर रेघा ओढल्या. अशा रेघांतून जाताना प्रकाशाचे रंग वेगळे होतात. या साधनाच्या साहाय्याने त्याने निरनिराळ्या रंगांची तरंगलांबी मोजली. काचेवर रेघ मारण्याचे काम त्याने लहानपणी आरशांवर नक्षी कोरताना केले होते; आता त्याच हाताने तो प्रकाशाच्या लाटा मोजू लागला.

१८१९ साली ही संस्था म्यूनिकला आली. फ्राउनहोफरची कीर्ती आता दूरवर पसरली होती. तरीही बव्हेरियाच्या विद्वत्सभेत त्याला घ्यावे की नाही, यावर वाद माजला. ज्याने कोणत्याही विद्यापीठात पाऊल टाकले नाही, तो कारागीर विद्वानांच्या पंक्तीला कसा बसणार, असा काही सभासदांचा आक्षेप होता. फ्राउनहोफरने त्यावर वादविवाद केला नाही. तो आपले काम करीत राहिला. १८२१ साली त्याला सभासदत्व मिळाले, पुढल्या वर्षी एर्लांगेन विद्यापीठाने त्याला सन्मानाची पदवी दिली आणि १८२४ साली राजाने त्याला सरदारकी बहाल केली. ज्या राजाने ढिगाऱ्याशी उभे राहून एका अनाथ मुलाला बाहेर काढवले होते, त्यानेच तेवीस वर्षांनी त्याचा हा गौरव केला.

त्याच साली त्याची एक प्रचंड दुर्बीण आज एस्टोनियात असलेल्या डोर्पाट या नगरीत पोहोचली. तिचे भिंग सुमारे २४ सेंटिमीटर रुंद होते आणि तिची लांबी चार मीटरांहून अधिक होती. अशा जातीची एवढी उत्तम दुर्बीण जगात दुसरी नव्हती. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा दुर्बिणीच्या दृष्टीबाहेर सरकत जातो. म्हणून फ्राउनहोफरने तिला घड्याळासारखे एक यंत्र जोडले होते. ते ताऱ्यामागोमाग दुर्बीण आपोआप हळूहळू फिरवीत राही. या दुर्बिणीतून स्ट्रूव्ह नावाच्या ज्योतिषशास्त्रज्ञाने तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची यादी तयार केली.

तारे असे जवळ येत होते; पण ते जवळ आणणाऱ्याचे आयुष्य सरत आले होते. मूळचीच नाजूक प्रकृती, भट्टीची धग आणि वर्षानुवर्षांचे अविश्रांत श्रम यांमुळे त्याला क्षयाने गाठले. ७ जून १८२६ रोजी त्याचे निधन झाले. तेव्हा तो अवघ्या ३९ वर्षांचा होता. त्याने लग्न केले नव्हते. म्यूनिकच्या जुन्या दफनभूमीत त्याला विसावा देण्यात आला. याने तारे जवळ आणले, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्याच्या समाधीवर कोरण्यात आले.

ते शब्द पुढे अक्षरशः खरे ठरले. त्याने आखलेले एक उपकरण त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झाले. त्याच्याच साहाय्याने १८३८ साली बेसेल या ज्योतिषशास्त्रज्ञाने एका ताऱ्याचे अंतर प्रथमच खात्रीने मोजले. त्याच्या कारखान्यातून गेलेल्या बर्लिनच्या दुर्बिणीतून १८४६ साली नेपच्यून ग्रह ओळखला गेला. आणि १८५९ साली किरखोफ व बुन्सेन या दोन जर्मन शास्त्रज्ञांना त्या काळ्या रेषांची लिपी वाचता आली. प्रत्येक मूलद्रव्य तापले असता ठराविक रंगांचाच प्रकाश देते. आणि त्याची तुलनेने थंड वाफ वाटेत आली, तर तेच रंग ती गिळून टाकते. जेथे रंग गिळला जातो, तेथे काळी रेषा दिसते. डी रेषा सोडियमची. दिव्याच्या ज्योतीतील पिवळी रेषाही सोडियमचीच. म्हणून त्या एका जागी येत होत्या. इतर रेषांत लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, हायड्रोजन यांच्या खुणा सापडल्या. सूर्य कशाचा बनला आहे, हे माणसाला घरबसल्या कळले.

पूर्वाभाद्रपदेजवळील तो अंधुक ताराही याच रीतीने आपले गुपित बोलला. त्याच्या प्रकाशात लोखंडाच्या रेषा सूर्यप्रकाशातील रेषांच्या मानाने अधिक गडद आहेत. यावरून त्याच्यात लोखंड अधिक आहे, हे समजले. आता रेषांचा आणखी एक गुण असा, की तारा आपल्याकडे येऊ लागला तर त्या किंचित जांभळ्या बाजूस सरकतात आणि दूर जाऊ लागला तर तांबड्या बाजूस. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलो हे दोन स्विस शास्त्रज्ञ दक्षिण फ्रान्समधील एका वेधशाळेतून हा तारा पाहत होते. त्याच्या हजारो रेषा एकाच तालाने सव्वाचार दिवसांत एकदा इकडे आणि एकदा तिकडे सरकत असल्याचे त्यांना आढळले. तारा सेकंदाला सुमारे ५५ मीटर या वेगाने मागेपुढे होत होता. जणू न दिसणारे कोणी त्याला ओढत होते. ओढणारा तो ग्रहच होय. तो आपल्या गुरूच्या निदान निम्म्या वजनाचा आहे आणि ताऱ्याच्या इतका निकट आहे, की पृथ्वी व सूर्य यांच्यातील अंतराचा केवळ विसावा भागच त्या दोघांत आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह. या शोधाबद्दल मायोर आणि केलो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर असे कित्येक ग्रह सापडले आणि ज्या ताऱ्यांत धातू अधिक, त्यांच्याभोवती गुरूसारखे मोठे ग्रह आढळण्याचा संभव अधिक, हेही दिसून आले. धातू आणि धूळ यांचेच कण एकत्र येऊन ग्रहांचा गाभा घडतो, असे शास्त्रज्ञ मानतात. धातू आणि ग्रह या दोन्ही गोष्टी एकाच काळ्या रेषांनी सांगितल्या. त्या रेषा उलगडण्यासाठी मायोर आणि केलो यांच्या उपकरणातही सूक्ष्म समांतर रेघांची जाळी होती. तिची पूर्वज फ्राउनहोफरने आपल्या हातांनी बनवली होती.

आपल्या रेषांतून कधी काळी ताऱ्यातील लोखंड तोलले जाईल, न दिसणारा ग्रह सापडेल, हे फ्राउनहोफरच्या स्वप्नातही आले नसेल. त्याला निर्दोष काच हवी होती. ती मिळेपर्यंत त्याने एकही रेघ नजरेआड केली नाही आणि जे कळले नाही, तेही प्रामाणिकपणे मोजून मांडून ठेवले. ज्या मुलाला रात्री दिवा लावण्याची मुभा नव्हती, त्याने दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश साऱ्या जगाला वाचता येईल अशी सोय करून ठेवली.